रस्ता झाला, नळ आले, तरी माणसं गाव का सोडतात?

प्रश्न चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या एका सरपंचताईंचा आहे. गेल्या काही वर्षांत त्यांच्या गावात डांबरी रस्ता झाला, घरोघरी नळ आले, शाळेला नव्या खोल्या मिळाल्या, समाजमंदिर उभं राहिलं. तरी बारावी झालेली पोरं नागपूरला जातातच, आणि धानाची मळणी आटोपली की मजुरांची कुटुंबं घराला कुलूप लावून तेलंगणात मिरची तोडायला निघतात. ताई विचारतात, "गावाचा विकास झाला की लोक शहराकडे जाणार नाहीत असं सगळे सांगत होते. एवढा निधी आणला, मग आमचं कुठं चुकलं? आणि पुढच्या आराखड्यात भर कशावर द्यावा?"

ताई, कामं चुकलेली नाहीत. त्या कामांकडून जी अपेक्षा तुम्हाला ठेवायला लावली ती चुकीची होती. माझं बरंचसं आयुष्य नागपूरला घर ठेवून भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांत रोजगाराच्या कामात गेलं आहे. त्यातून एक गोष्ट मनाशी पक्की झाली. गावाचा विकास माणसांचं जाणं थांबवत नाही. कोण जातं आणि कोणत्या अटीवर जातं, हे तो बदलतो. नाइलाजानं जाणारे कमी होतात आणि आपल्या मर्जीनं जाणारे वाढतात. दोघांना एकाच आकड्यात मोजलं की विकास फसला असं वाटायला लागतं.

तुमच्याच गावातली दोन घरं डोळ्यांसमोर आणा. एका घरातला पोरगा बारावी करून नागपुरात हिंगणा रोडला खोली घेऊन राहतो, दिवसा आयटीआय करतो आणि रात्री गोदामात पाळी भरतो. दुसऱ्या घरातल्या नवरा-बायकोनं दिवाळीला मुकादमाकडून उचल घेतली आणि जानेवारीत लेकरांना घेऊन ती तेलंगणातल्या खम्ममकडे गेली. पहिल्याच्या जाण्यामागे तुमची शाळा आहे, तुमचा रस्ता आहे, बापाच्या हातात आलेले चार पैसे आहेत. दुसऱ्याच्या जाण्यामागे दुकानदाराची उधारी आहे. रस्ता आणि शाळा आणखी सुधारली तर पहिला अधिक सोयीनं जाईल. दुसऱ्या घराला त्यानं काही फरक पडणार नाही, फार तर मुकादमाची गाडी थेट दारापर्यंत येईल.

आधी दुसऱ्या घराचं बोलतो, कारण तिथं ग्रामपंचायतीच्या हातात बरंच काही आहे.

धानाच्या गावाचं वर्ष तुम्हाला मी सांगायला नको, पण आराखडा करताना ते एकदा महिन्यावार कागदावर मांडा. जूनमध्ये पऱ्हे म्हणजे रोपं, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. त्या दिवसांत गावात बाया पुरत नाहीत, शेजारच्या गावांतून गाडी करून आणाव्या लागतात. मग निंदण, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी आणि बांधणी, त्यामागे मळणी. पूर्वी हे काम पुसाच्या महिन्यापर्यंत पुरायचं. आता हार्वेस्टर धानाच्या बांधीत उतरलं की आठवड्यांचं काम एका-दोन दिवसांत उरकतं. भारी जमीनवाले ओलीवर लाखोळी, हरभरा, जवस टाकतात, पण त्याला मजूर फारसे लागत नाहीत. मार्च-एप्रिलला मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्त्याचे थोडके दिवस. म्हणजे डिसेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत भूमिहीन आणि एक-दोन एकरवाल्या घरांना गावात कामच नाही. तेलंगणातली मिरचीची तोडणी नेमकी याच दिवसांत येते. मुकादमाला हे महिने तोंडपाठ असतात. आपल्या आराखड्यात ते कुठंच दिसत नाहीत.

हे रिकामे महिने भरून काढायचा उपाय महाराष्ट्रानं देशाच्या आधी शोधला होता. वि. स. पागे यांच्या पुढाकारानं १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. देशाचा रोजगार हमी कायदा त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २००५ मध्ये आला. फेब्रुवारी २००६ मध्ये तो ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया हे आपल्याकडचे चारही जिल्हे होते. क्लेमाँ इम्बेर आणि जॉन पॅप या अर्थशास्त्रज्ञांनी देशभरातली आकडेवारी तपासली. हमीचं काम जिथं मिळू लागलं तिथून काही महिन्यांसाठी शहरात जाणारे मजूर कमी झाले आणि त्यामुळे शहरांतली मजुरीसुद्धा वाढली, असं त्यांना दिसलं. म्हणजे औषध लागू पडतं.

पण ते वेळेवर पोटात गेलं तर. सिंदेवाहीकडच्या एका गावात भर जानेवारीत तलावाच्या पाळीचं काम चालू होतं, हजेरीपटावर माणसं होती, आणि तरी एका घरात मिरचीला जायची बांधाबांध चालली होती. दाराशी दोन गोधड्या, तवा, मिठाची बरणी, जर्मनचं गंज आणि पोराचं दप्तर रचलेलं. बाई पोत्यात तांदूळ भरत होती. गावात काम असताना का जाता, असं विचारल्यावर तिनं हात न थांबवता सांगितलं, "काम हाय भाऊ, पण पैसे कवा भेटतीन सांगता येत नाही. मुकादमानं दिवाळीले पैसे देल्ले. त्याच्यात दुकानदाराचं फिटलं, पोराचा दवाखाना झाला. आता नाही गेलो त ते पैसे कुठून वापस कराचे?" दप्तर सोबत न्यायचं की आजीजवळ ठेवायचं, यावर नवऱ्याचं आणि तिचं एकमत होत नव्हतं.

या बाईनं जे सांगितलं त्यात अख्ख्या धोरणाची परीक्षा आहे. तिचं जाणं जानेवारीत ठरलेलं नव्हतं, ते दिवाळीत ठरलं. त्यामुळे जानेवारीत उघडलेलं काम तिला थांबवू शकत नव्हतं. मजुरीचा दरही तिच्या तक्रारीत नव्हता. कायद्यानं मजुरी १५ दिवसांत मिळायला हवी, पण ती लांबते, आणि घरात धान्य-मीठ नसलेला माणूस थांबू शकत नाही. मुकादम आधी रोख देतो आणि मग काम घेतो. सरकार आधी काम घेतं आणि पैसे मागून देतं. या दोहोंत गरीब माणूस मुकादमाकडेच जाणार. त्यात त्याचं अज्ञान नाही, त्याचा हिशोब बरोबर आहे.

म्हणून तुमच्या गावासाठी पहिली सूचना अशी की उचल घेण्याच्या आधी, म्हणजे ऑक्टोबरातच, या घरांपर्यंत पैसा पोचला पाहिजे. उमेद अभियानातल्या बचत गटांच्या ग्रामसंघाकडे अडीअडचणीच्या घरांसाठी निधी असतो. दवाखाना आणि किराण्याची उधारी एवढ्यासाठी जरी पैसा दिवाळीपूर्वी त्यातून मिळाला, तरी मुकादमाला नाही म्हणण्याची ताकद येते. त्याच वेळी कामाची मागणी नमुना ४ वर लेखी भरून पोच घ्या, म्हणजे मळणी संपताच हजेरीपट निघेल. मागणी तोंडी राहिली की काम फेब्रुवारीत उघडतं आणि तोवर वस्ती ओस पडलेली असते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात हमी १०० ऐवजी १२५ दिवसांची आहे, आणि ऐन पेरणी-कापणीच्या काळात वर्षाला ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवण्याची तरतूद आहे. रोवणी-कापणीला आपल्या गावांत हाताला काम असतंच, त्यामुळे ते दिवस असे धरता येतील की त्याची झळ कमी बसेल. वाढलेले दिवस मात्र डिसेंबर ते मार्चमध्ये पडतील हे ग्रामसभेनं बघायला हवं, नाहीतर ते कागदावर वाढतील.

आता कामं कोणती, हा प्रश्न. इथं मी स्पष्टपणे एका बाजूनं बोलणार आहे. धानाच्या पट्ट्यात पाण्याच्या कामाइतकं माणसाला धरून ठेवणारं दुसरं काम नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात मालगुजारांच्या काळातले हजारो तलाव आहेत. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, नाव 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी तलाव पडलं आणि दुरुस्ती कोणाचीच राहिली नाही. गाळानं भरलेला तलाव पावसाळ्यातल्या खंडात एखादं पाणी देतो आणि डिसेंबरात तळ दाखवतो. गाळ निघाला, पाणी सोडायच्या दाराची आणि नहराची म्हणजे पाटाची डागडुजी झाली की धानाचं शेवटचं पाणी पक्कं होतं, खाली हरभरा आणि भाजीपाला निघतो, आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांच्या संस्थेला मासोळी जास्त दिवस मिळते. शेतातली बोडी म्हणजे छोटं तळं आणि बांध्यांची मजगी म्हणजे सपाटीकरण ही कामंही अशीच. ती करताना मजुरी मिळते आणि झाल्यावर पीक मिळतं. समाजमंदिराच्या बांधकामात मजुरी बांधकामापुरतीच असते.

पाण्यामुळे जाणं पूर्ण थांबेल असं मात्र समजू नका. जिथं कालव्याचं पाणी बारमाही झालं तिथं उन्हाळी धान आलं, आणि त्याच्या मागोमाग यंत्रंही आली. जमीनवाल्याचं उत्पन्न वाढलं, पण भूमिहीनाचे दिवस त्या प्रमाणात वाढले नाहीत. म्हणून पाण्याबरोबर भाजीपाला, मासोळी, शेळी, कोंबडी असं काहीतरी जमीन नसलेल्या घराच्या नावावर झालं पाहिजे. तलावातल्या मासोळीचा हक्क कोणाकडे आहे, हा प्रश्न मला बंधाऱ्याच्या उंचीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

गोसीखुर्द धरणाचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. एप्रिल १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटींचा होता आणि लक्ष्य अडीच लाख हेक्टर सिंचनाचं. पुढे तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, खर्च कित्येक पटींनी वाढला, आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची वाट बघता बघता एक पिढी म्हातारी झाली. ज्या गावांत पाणी पोचलं तिथं हिवाळ्यात शिवार हिरवं दिसतं, माणसं घरी असतात. आणि याच धरणामुळे कुही, भिवापूर, पवनीकडची कितीतरी गावं उठली. त्यांतली काही कुटुंबं नव्या वसाहतीत गेली, काहींनी मोबदल्याच्या पैशातून घरं बांधली आणि शेती नसल्यानं रोजीसाठी नागपूर गाठलं. ज्या विकासानं एका गावाचं जाणं थांबलं त्यानंच दुसऱ्या गावाला जायला लावलं. नागपूरच्या मिहान या उद्योग प्रकल्पासाठी आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीसाठी जमिनी गेल्या तिथंही नोकरी कोणाला आणि नुसता चेक कोणाला, यावरच त्या घरांचं पुढचं आयुष्य ठरलं. विकास म्हटलं की तो कोणाच्या जागेवर उभा राहतो हेही त्याच वेळी विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या तालुक्याला जंगल आहे, म्हणून आणखी एका कामाकडे लक्ष वेधतो. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क सगळ्यांत आधी मिळवलेल्या गावांत ते मोडतं. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आलं. आपल्याच जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगावनं २०१२ मध्ये हा हक्क मिळवला, आणि तिथं ग्रामसभा स्वतः बांबू तोडते आणि विकते. बांबूची तोड पावसाळा सरल्यावर चालते. म्हणजे जे महिने धानाच्या गावात रिकामे, त्याच महिन्यांत इथं काम, आणि मजुरीही ग्रामसभाच देते. तेंदूपत्ता ठेकेदाराला देण्याऐवजी ग्रामसभेनं स्वतः लिलाव करणं हे त्याच वाटेवरचं पाऊल आहे. यासाठी सिमेंटचं एक पोतंही लागत नाही, लागतो तो कागद, नकाशा आणि ग्रामसभेची चिकाटी. आराखड्याच्या छापील नमुन्यात हे बसत नाही म्हणून त्याला कोणी विकासकाम म्हणत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता पहिल्या घराकडे, बारावी झालेल्या पोराकडे येतो.

पंतप्रधान ग्रामसडक योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली. त्यातून जोडल्या गेलेल्या हजारो गावांचा सॅम ॲशर आणि पॉल नोवोसाद यांनी अभ्यास केला आणि २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. रस्ता आल्यावर शेती सोडून मजुरी-नोकरीकडे वळणारे लक्षणीय वाढले. शेतीचं उत्पन्न, घरातली मालमत्ता, खर्च यांत मात्र फारसा बदल झाला नाही. रस्त्यानं मुख्यतः माणसाला बाहेर पडायची वाट दिली. मला हा निष्कर्ष आपल्याकडच्या अनुभवाशी जुळणारा वाटतो, फक्त त्यात अंतराचा मुद्दा जोडायला हवा. नागपूरपासून चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आतलं गाव असेल तर रस्त्यामुळे स्थलांतराचं रूपांतर अप-डाऊनमध्ये होतं. उमरेड, मौदा, कळमेश्वर, सावनेरकडची कितीतरी पोरं मोटारसायकलनं कारखान्यात जातात आणि रात्री घरी जेवतात. शेती बापाची राहते, पगार पोराचा येतो, घर फुटत नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यानं या गावांतल्या मुली-बायांसाठी जे केलं ते अनेक प्रशिक्षण योजनांना जमलं नाही. तिकीट निम्मं झालं की रोजची ये-जा परवडते आणि नागपुरात खोली करायची गरज राहत नाही.

तुमचं गाव शंभर किलोमीटरवर आहे. तिथून रोज येणं-जाणं होत नाही, म्हणून रस्ता झाला की पोरगा खोली करतो. इतवारी-नागभीडची छोटी रेल्वे सावकाश का होईना, विद्यार्थी, भाजीवाल्या आणि मजूर यांना स्वस्तात नागपूरशी जोडून ठेवायची. रुंदीकरणासाठी ती २०१९ मध्ये बंद झाली. मोठी लाइन पूर्ण क्षमतेनं चालू होऊन सकाळ-संध्याकाळ सोयीची गाडी आणि परवडणारा पास मिळाला, तर तुमच्या तालुक्यातल्या काही घरांचं स्थलांतर टळेल. गाडी धावली पण वेळ चुकीची असली तर टळणार नाही. वेळापत्रकाचा पाठपुरावा हेही सरपंचाचं विकासकामच आहे.

आणि तरी पोरं जातील. राज्यात १९७०-७१ मध्ये सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. दोन भावांत ती वाटली की कोणाच्याच वाट्याला संसार चालेल एवढी शेती येत नाही. त्यात शेती करणाऱ्या पोराला मुलगी द्यायला कोणी तयार नाही, हे तुम्ही रोज बघता. कितीतरी आई-बाप नागपुरात एक प्लॉट घेतात तो राहायला नाही, पोराचं लग्न जमावं म्हणून. यावर कोणताही रस्ता, नळ, समाजमंदिर उपाय होऊ शकत नाही.

जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो यांनी १९७० मध्ये मांडलेली गोष्ट इथं उपयोगी पडते. माणूस शहरातला आजचा रोज बघून जात नाही, तिथं चांगली नोकरी लागण्याची शक्यता धरून जातो, आणि त्या आशेवर काही वर्षं हलकं काम करत थांबतो. म्हणून शहरात नोकऱ्या वाढवल्या तर बेकारी कमी होण्याऐवजी आणखी माणसं येतात. नागपुरात हे मजुरांच्या ठिय्यावर उभं राहिलं की दिसतं. सकाळी आठ-साडेआठला थापी, पाटी, रंगाचा ब्रश घेऊन उभ्या असलेल्या माणसांत छत्तीसगडहून आलेली जोडपी असतात, गोंदिया-बालाघाटकडचे मिस्त्री असतात, आणि हल्ली बी.ए. झालेली पोरंही असतात, जी भरतीचा अर्ज भरून निकालाची वाट बघत रंगकामाला येतात. दहापर्यंत ठेकेदार आला नाही तर त्या दिवसाचा रोज बुडाला. तरी ती परत जात नाहीत, कारण वाडीच्या गोदामात, मिहानमध्ये, कुठंतरी कायम काम लागेल ही आशा असते आणि गावात ती आशाच नसते.

इथं एक गैरसमज काढून टाकायला हवा. शहरात कायमचे राहायला जाणारे गावातले सगळ्यांत गरीब नसतात. खोलीचं डिपॉझिट, ओळखीचा माणूस, दोन महिने तग धरण्याइतकी शिल्लक, हे ज्याच्याजवळ असतं तोच जातो. सगळ्यांत गरीब माणूस मुकादमाच्या गाडीत बसतो आणि काही महिन्यांनी परत येतो. त्यामुळे गावाचं उत्पन्न वाढायला लागलं की सुरुवातीला शहराकडे जाणारे वाढतात, कारण जाणं परवडणाऱ्यांची संख्या वाढते. याला अपयश म्हणू नका. तुमच्या शाळेतून निघालेली मुलगी नर्सिंग करून नागपुरात नोकरीला लागली, तर ती शाळा यशस्वी झाली.

हिवरे बाजारचं उदाहरण प्रत्येक प्रशिक्षणात दिलं जातं. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावानं पाणी अडवलं, गाव सोडून गेलेली कुटुंबं परत आली, हे खरं आहे. पण तिथं नुसते बंधारे झाले नाहीत. सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाहीत, ऊस-केळीसारखी जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा, हे नियम गावानं स्वतःवर घालून घेतले आणि पाळले. आपल्याकडचे दौरे बंधाऱ्यांचे फोटो घेऊन येतात, नियम तिथंच राहतात. शिवाय तो कमी पावसाचा प्रदेश, आपला पट्टा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा. तिथला आराखडा उचलून इथं लावू नका. पाळायचे नियम गावानं ठरवायचे, एवढं मात्र नक्की घ्या.

आता आकड्यांचं. २०११ च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्यातली ६८ टक्के लोकसंख्या शहरी होती आणि गडचिरोलीतली जेमतेम ११ टक्के. या आकड्यांवरून स्थलांतराचं चित्र काढायला गेलात तर तुमच्या गावातली मिरचीला जाणारी घरं त्यात सापडणारच नाहीत. ती परत येतात, म्हणून कोणत्याच शहराच्या आकड्यात नसतात. जनगणनेची मोजणी फेब्रुवारीत होते, आणि फेब्रुवारीत त्यांच्या दाराला कुलूप असतं. २०२७ ची मोजणीही फेब्रुवारीतच आहे. म्हणून ग्रामपंचायतीनं स्वतःची स्थलांतर नोंदवही ठेवावी. कोण गेलं, कुठं, कोणत्या मुकादमासोबत, किती उचल घेतली, सोबत किती लेकरं, परत कधी आले. अंगणवाडी सेविका, आशाताई आणि रोजगार सेवक यांना हे तोंडपाठ असतं, फक्त लिहायचं राहतं. दोन वर्षांची नोंद हाती आली की तुमचं काम लागू पडतंय की नाही ते तुम्हालाच कळेल. किती जण गेले यापेक्षा उचल घेऊन किती जण गेले, या आकड्याकडे बघा. तो कमी होत असेल आणि नागपूरला शिकायला-नोकरीला जाणारे वाढत असतील, तर गाव बरोबर चाललं आहे.

जे जाणारच आहेत त्यांचं जाणं सुरक्षित करणं हाही विकासच, आणि तो स्वस्त आहे. रेशन कार्ड आता देशात कुठंही चालतं, पण आधार जोडणी आणि अंगठ्याची अडचण गावातच सोडवून द्यावी लागते, परगावी कोणी दाद देत नाही. कुटुंबातले काही जण गावी आणि काही नागपुरात असले तर दोन्हीकडे धान्य विभागून उचलता येतं, हे बऱ्याच घरांना माहीत नसतं. बांधकामावर जाणाऱ्यांना १९९६ च्या कायद्याखाली मंडळाची नोंदणी मिळते, त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नागपुरातला ठेकेदार दाखला द्यायला टाळाटाळ करतो, तेव्हा पोरांनी कामाच्या तारखा आणि ठेकेदाराचा नंबर वहीत लिहून ठेवावा एवढं तरी सांगा. लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, आई-बाप बाहेर असताना मूल गावातच राहून शिकतं. पण किती मुलं जाणार याची यादी शाळेनं वेळेत दिली तरच ते सुरू होतं. त्या दारातल्या दप्तराचा निर्णय आई-बापांवर सोडू नका. डिसेंबरात यादी गेली तर उशीर झालेला असतो, ऑगस्टमध्येच नोंदवहीवरून काढा.

तुमच्या पुढच्या आराखड्याबद्दल थेट विचारलंत, म्हणून थेट सांगतो. समाजमंदिराचा दुसरा मजला एक वर्ष थांबू द्या. पहिला पैसा मामा तलावाच्या गाळाला आणि नहराला घाला. प्रस्ताव पाठवण्याआधी तलाव जिल्हा परिषदेकडे आहे की पाटबंधारे विभागाकडे ते तपासा, नाहीतर फाइल दोन ऑफिसांच्या मध्ये अडकते. निस्तार पत्रकात तलावावर गावाचे कोणते हक्क लिहिलेले आहेत त्याची नक्कल तलाठ्याकडून काढून जोडा, पाण्याच्या आणि मासोळीच्या वाटपावरून नंतर भांडण होत नाही. बोड्या आणि मजगीची कामं लहान शेतकऱ्यांच्या बांध्यांपासून सुरू होतील अशी यादी लावा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत त्या सगळ्यांना मंजुरी घ्या, म्हणजे तांत्रिक मान्यता दिवाळीपर्यंत हाती येते आणि डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मजूर कामावर उभे राहू शकतात. वनहक्काचा सामूहिक दावा अजून दाखल नसेल तर त्यासाठी वेगळी ग्रामसभा लावा, इतर विषयांच्या गर्दीत तो मागे पडतो. आणि दिवाळीच्या आधी ग्रामसंघाच्या बायांसोबत बसून कोणत्या घरांना उचल घ्यावी लागणार आहे त्यांची नावं काढा. बायांना ती नावं ठाऊक असतात. त्या घरांपर्यंत वसुबारसेच्या आत पैसे पोचतील अशी तारीख त्याच बैठकीत ठरवून घ्या.